टबाचं बूच आणि टिटवीची टाच

‘मी कुणाच्या बापाला भीत नाही!’ असं टिटवीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत, माइकपासून हातभर लांब उभं राहूनसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं होतं. मूळ भाषणात बाईंनी ‘बापाला’ खोडून ‘कुणालाही’ केलं होतं, पण ऐन वेळी टिटवीच्या तोंडून बापच बाहेर पडला. टाळ्या पडल्या. चषक मिळाला. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा जिचा घसा बसायचा, ती मुलगी त्या दिवसापासून घरात, जिन्यात, गच्चीत, वाण्याच्या दुकानात अशी काही बोलायला लागली की तिचं पाळण्यातलं नाव मागे पडलं आणि सगळे तिला टिटवी म्हणायला लागले.

तर ही शूर टिटवी, चषकावरची लाल फीत अजून कडक असतानाच, एका रविवारी न्हाणीघरातल्या टबात पोटरीभर गढूळ पाण्यात उजवी टाच एका भोकावर दाबून उभी होती, आणि तिचे दात वाजत होते. तिला भीती वाटत होती ती घरमालकीणबाईंची. घरमालकीणबाई काही कुणाचा बाप नव्हत्या, त्यामुळे तिचं भाषण खोटं ठरलं असं कुणी म्हणू नये.

घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहत. उंची बेताची, चष्मा जाड आणि आवाज चष्म्याहून जाड. चार वर्षांपूर्वी घर दाखवताना त्यांनी एकच अट घातली होती, ‘बाकी काय हवं ते करा, पण त्या टबाला हात लावायचा नाही.’ का, हे विचारायची बाबांची हिंमत झाली नाही. बाबा विमा कचेरीत कामाला. माणसाला, घराला आणि वाहनाला काय काय होऊ शकतं हे दिवसभर वाचायचं, आणि संध्याकाळी ते सगळं डोक्यात घेऊन घरी यायचं. घरात ते चवड्यांवर चालत. शिंक आली तर उशीत तोंड खुपसून शिंकत. ‘हळू! खाली ऐकू जातं,’ हे त्यांचं वाक्य आल्यागेल्या पाहुण्यांनासुद्धा पाठ झालं होतं.

आणि तरीही टबाला हात लागला होता. हात कसला, आईने तो टब पूर्ण ताब्यात घेतला होता. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि एवढं मोठं पांढरंशुभ्र भांडं घरात रिकामं पडलेलं! आईला ते बघवेना. पहिल्याच आठवड्यात तिने टब काठोकाठ भरला आणि नंतर तो कधी तळाला जाऊच दिला नाही. वरचं पाणी कपड्यांना, फरशीला वापरायचं आणि पुन्हा भरून ठेवायचं. तळाशी कंगव्याचे दात, शर्टाची बटणं, साबणाच्या चिपा आणि चार वर्षांचा गाळ निवांत बसला होता. त्याच्याही खाली होतं टबाचं काळं रबरी बूच. त्याची साखळी आपण यायच्या आधीच तुटलेली, असं आई म्हणायची. आईच्या हातून तुटली, असं बाबा म्हणायचे, अर्थात हळू.

एक दिवस घरमालकीणबाईंनी बाबांना जिन्यात गाठलं. ‘रविवारी संध्याकाळी वर येते. टब बघायचाय. मग पुढच्या वर्षाचं बोलू.’

उरलेला जिना बाबा कसे चढले ते त्यांनाच माहीत. ते आले आणि चपलांच्या कपाटावरच बसले.

‘कळलंय त्यांना,’ ते म्हणाले. ‘काढणार आपल्याला.’

टिटवीची शाळा गल्लीच्या टोकाला होती. हे घर गेलं की शाळा गेली, शाळा गेली की बाई गेल्या, माइक गेला. मग कुठल्यातरी नव्या वर्गात अनोळखी चाळीस डोकी वळून बघणार, आणि हिचा घसा पुन्हा ‘हजर’ म्हणतानाच बसणार. टिटवीला आपला आवाज मिळून जेमतेम काही दिवस झाले होते. तो असा टबापायी घालवायचा?

‘घाबरताय काय!’ ती म्हणाली. ‘टब रिकामा करू, घासू, पुसू. कोरडाठाक टब बघून त्या काय बोलणार आहेत?’

‘हळू!’ बाबा म्हणाले.

रविवारी जेवणं झाल्यावर काम सुरू झालं. आईची एकच अट होती. पाण्याचा वार उद्या. उद्या पाणी आलंच नाही तर? तेव्हा वरचं स्वच्छ पाणी वाया जाता कामा नये. आधी बादल्या भरल्या. मग पातेली, कळशी, कुकर, कुकरचे डबे, चहाचं भांडं, बरण्या. मग फुलदाणी. मग टिटवीचा चषक. ‘एवढा खोलगट आहे, उगाच शोभेला का ठेवायचा,’ असं म्हणून आईने त्याची फीत सोडली आणि तो भरून खिडकीत ठेवला. सरतेशेवटी टमरेलसुद्धा भरून आई दमून उभी राहिली. टब अर्ध्याहून खाली गेला होता. तळ ढवळल्यामुळे उरलेल्या पाण्याला चहाचा रंग आला होता.

‘आता हे घाण पाणी तेवढं मोरीत ओता,’ आई म्हणाली.

‘कशाने?’ बाबांनी विचारलं.

तिघांनी घरभर नजर फिरवली. घरात पाणी मावेल अशी एकही वस्तू रिकामी नव्हती.

‘एक बादली मोकळी कर ना आई,’ टिटवी म्हणाली.

‘स्वच्छ पाणी ओतून देऊ? माझ्या देखत?’

आईच्या आवाजात असं काही होतं की बाबांनी लगेच बाह्या सरसावल्या. ‘बूच काढू. बूच असतं कशासाठी?’

बाबांनी दंडापर्यंत हात बुडवून बूच चाचपलं. ते भोकात असं बसलं होतं की वर धरायला नखाएवढीही कड नाही. त्यांनी पकडीने ओढलं, पकड सटकली आणि टबाच्या काठावर आदळली. ठण्ण! तिघं जागच्या जागी थिजली. खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. मग दार. बाबा डोळे मिटून भिंतीला टेकले. पावलं जिना चढण्याऐवजी उतरत गेली, आणि टिटवीने खिडकीतून चोरून पाहिलं. घरमालकीणबाई छत्री घेऊन रस्त्याला लागल्या होत्या. आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, हे त्यांनी साऱ्या जिन्याला सांगून ठेवलंच होतं.

खाली कुणी नाही म्हटल्यावर बाबा थोडं मोठ्याने बोलायला लागले, आणि तिथेच चुकलं. तो आवाज नवीन असल्यामुळे शेजारी काय झालं ते बघायला आले.

समोरच्या काकू पिठाचे हात घेऊनच आल्या. ‘तेल सोडा गरम. माझ्या बोटात अंगठी अडकली होती तेव्हा तेलानेच निघाली. बोट आठवडाभर निळं होतं, पण निघाली.’

‘काकू, ते पाण्याखाली आहे. तेल तरंगेल ना?’ टिटवी म्हणाली.

‘हल्लीची पोरं सगळ्याला नाही म्हणतात,’ काकू बाबांना म्हणाल्या.

मग वरच्या मजल्यावरचे पूलकाका आले. हयातभर पुलांची कामं केलेला माणूस. खुर्चीवर बसायच्या आधीसुद्धा तिचे पाय तपासून बसतो. त्यांनी टबाला एक फेरी मारली. ‘हा पाण्याच्या दाबाचा खेळ आहे. वरचं पाणी बुचाला खाली दाबतंय. आधी पाणी काढा, बूच आपोआप निघेल.’

‘पाणी काढायलाच तर बूच काढतोय,’ बाबा म्हणाले.

पूलकाकांनी टबाला आणखी एक फेरी मारली. ‘मग परिस्थिती गंभीर आहे,’ ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. दाराच्या मागे छत्री अडकवायचा पेचाचा आकडा होता, तो काढून बुचात फिरवून घुसवायचा, त्याला कपड्यांची दोरी बांधायची आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. टबात कुणी उतरायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी टिटवीकडे पाहिलं. चषक मिळवल्याचे असे तोटे असतात.

पाणी गार होतं आणि तळाला पाय घसरत होता. टिटवीने आकडा फिरवत फिरवत रबरात घुसवला, गाठ मारली आणि दोरी मोकळी सोडली. बाबा, काकू आणि पूलकाका दाराबाहेर एकामागे एक उभे राहिले. ‘मी तीन म्हटल्यावर,’ पूलकाका म्हणाले. ‘एक... दोन...’ काकूंनी दोनलाच ओढलं. बुचाचा वरचा अर्धा भाग टरकन फाटून आला आणि तिघंही पॅसेजमध्ये भरलेल्या पातेल्यांवर जाऊन बसले.

‘माझं पाणी!’ आई ओरडली.

टिटवीने वाकून उरलेल्या रबरात बोटं घातली. कडेला पिवळट, चिकट, अर्धवट वाळलेलं काहीतरी लागलं. हे काय आहे, असा विचार करायला हवा होता. पण तिच्यात आता भाषणाचा आवेश संचारला होता. तिने दोन्ही पाय रोवले, दात आवळले आणि हिसका मारला. पच्च असा आवाज झाला आणि बूच हातात आलं!

‘निघालं!’ ती ओरडली. पाणी गरगर फिरत भोकात जायला लागलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात, नव्हे, चार वर्षांत पहिल्यांदा हसू दिसलं.

आणि त्याच वेळी खालून आवाज आला. टण्ण... टण्ण... मग धो धो. पाणी पाइपातून वाहून जातं तसला हा आवाज नव्हता. पितळेच्या भांड्यात उंचावरून धार पडते ना, तसला होता.

‘खाली काय आहे हो?’ पूलकाकांनी विचारलं.

‘त्यांचं स्वयंपाकघर,’ बाबा म्हणाले. एवढे दोन शब्द बोलताना त्यांची बोबडी वळली.

टिटवीने दुसरा विचार केलाच नाही. तिने उजवी टाच भोकावर दाबली. खालचा धो धो थांबला, पण पुरता नाही. टाच गोल, भोकही गोल, पण दोघांचं काही नीट जमत नव्हतं; टाचेच्या कडेने एक बारीक धार झिरपतच राहिली. टिप. टिप. टिप. प्रत्येक थेंबासरशी टिटवीला पुढची शाळा थोडी जवळ आलेली दिसत होती.

‘हलू नकोस!’ बाबा म्हणाले आणि फाटक्या बुचाचे तुकडे खिशात घालून, पायांत एक आपली आणि एक आईची चप्पल अडकवून बाजारात धावले.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. आईने तो टिटवीच्या कानाला लावला.

‘दुकानदार माप विचारतोय. टाच उचल आणि भोक मोज.’

‘टाच उचलली तर खाली पाणी पडेल, बाबा!’

फोनमध्ये दुकानदाराचा आवाज आला, ‘साहेब, बूच टबाचं, बेसिनचं की मोरीचं? आणि हे तुकडे काउंटरवरनं उचला, चिकटतायत.’

‘माझी टाच केवढी आहे ते आईला विचारा!’ टिटवी रडकुंडीला आली. आई म्हणाली, ‘तिच्या चपलेचा नंबर सांगा त्याला.’ दुकानदाराने बहुधा फोन ठेवायला लावला.

बाबा घामाघूम होऊन आले ते तीन बुचं घेऊन. पहिलं बशीएवढं होतं. ते बाजूला ठेवलं. दुसरं बरं वाटलं. टिटवीने श्वास रोखून टाच उचलली, बाबांनी झटकन ते भोकात टाकलं, आणि ते सरळ भोकातून खाली गेलं. डुब्ब! टिटवीची टाच परत जागेवर.

‘गेलं,’ बाबा म्हणाले. ‘पुरावा गेला त्यांच्या घरात.’

‘तिसरं बघा!’ आई म्हणाली, आणि दारावरची बेल वाजली.

ती बेल कुणाची हे सगळ्यांना न उघडताच कळलं. पूलकाका आणि काकू, इतका वेळ ज्यांना सल्ला देण्यावाचून दुसरं काम नव्हतं, ते दार उघडताच ‘येतो हं’ म्हणत घरमालकीणबाईंच्या दोन बाजूंनी पसार झाले. बाबांनी न्हाणीघराचं दार लोटून घेतलं. तिसरं बूच त्यांच्याच मुठीत राहिलं. आत टिटवी, अंधूक उजेड आणि टिप, टिप, टिप.

‘या, या, बसा,’ बाहेर बाबा म्हणाले.

‘बसू कुठे? सगळीकडे भांडीच भांडी,’ घरमालकीणबाई म्हणाल्या. टिटवीने डोळे मिटले. आता पुढे येणार. ‘पण बाई, आज काय चमत्कार झालाय! पाण्याचा वार नाही, आणि माझा हंडा गळ्यापर्यंत भरलाय! नळ उघडाच राहिला होता, म्हणून बरं.’

बाहेर एक पातेलं कुणाच्या तरी पायाला लागून खणखणलं.

‘थोडं गढूळ आहे. आणि नळातून हे बघा काय आलं. रबराचं झाकण! उद्या पाणीखात्यात जाऊन दाखवणार आहे. काय पाठवतात लोकांना!’

‘हो ना,’ बाबा म्हणाले. ‘दाखवायलाच हवं.’

टिटवीला आत हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट एक अंधूक आशा डोकावली. वाचलो की काय? कुणी काही बोललं नाही, बाबांनी टब आत्ता दाखवायचं टाळलं, तर... उद्या हंडा रिकामा होईल, पाणीखातं शिव्या खाईल आणि आपण इथेच राहू.

‘गाळून घेतलंय मी ते,’ घरमालकीणबाई पुढे म्हणाल्या. ‘चहाचं आधण ठेवूनच आलेय. डॉक्टरकडे बसून बसून घसा कोरडा पडला. चला, तुम्हीही घोटभर घ्या, मग टबाचं बोलू.’

टिटवीच्या डोळ्यांसमोर कंगव्याचे दात आले. बटणं आली. चार वर्षांचा साबण आला. आई ‘अहो’ म्हणाली आणि तिथेच थांबली. बाबांचा तर श्वाससुद्धा ऐकू येईना. घसा बसायला लागलाय, हे टिटवीला कळलं. तोच जुना, हजेरीचा घसा. एकदा गप्प बसलं की झालं. घर राहील. शाळा राहील. फक्त एक म्हातारी बाई आपल्या टबातला चहा पिईल.

‘पिऊ नका!’

आवाज इतका मोठा निघाला की खिडकीतल्या चषकातलं पाणी हिंदकळलं. ‘ते नळाचं नाहीये! ते आमच्या टबातलं आहे! मी बूच काढलं! आई चार वर्षं पाणी साठवते, पण बूच मीच काढलं!’

न्हाणीघराचं दार उघडलं. घरमालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर घेतला. टबात उभी मुलगी, दंडाला गाळ, दाराशी दोरी. बाबा मागे उभे होते आणि ‘हळू’ म्हणायचंसुद्धा विसरले होते.

‘टाचेखाली काय आहे?’ घरमालकीणबाईंनी विचारलं.

‘भोक,’ टिटवी म्हणाली.

घरमालकीणबाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला.

‘त्या टबाला पाइप नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘ओटा नवीन केला तेव्हा गवंड्याने तो कापला. तुकडा लोंबतोय माझ्या नळाच्या वर. मीच ते बूच पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवून टाकलं. चार वर्षं म्हणतेय तुम्हाला सांगेन, सांगेन. पण भीती वाटायची.’

‘तुम्हाला?’ बाबांच्या तोंडून निघालं.

‘मग! पाइप नसलेलं घर दिलं म्हणून सोडून गेलात तर? आधीचे भाडेकरू नुसते नाचायचे डोक्यावर. तुमची पावलंसुद्धा वाजत नाहीत. असे लोक कुठे मिळायचे? म्हटलं, या वर्षी टब दाखवून एकदाचं सांगून टाकावं.’

बाबा एक पाऊल पुढे आले. ‘म्हणजे घर... पुढच्या वर्षी...’

‘घर कुठे पळतंय? आधी माझं आधण बंद करून या कुणीतरी. किल्ली ही घ्या. आणि पोरी, टाच हलवू नकोस.’

तिसरं बूच बरोबर बसलं. आईने मोठ्या मनाने एक बादली मोरीत ओतून रिकामी केली, तीही तोंड फिरवून, आणि त्या बादलीने उरलेला टब उपसला. चहा झाला तो वरच, कुकरच्या डब्यातल्या पाण्याचा. टिटवीच्या टाचेवर गोल खड्डा उमटला होता. चषक रिकामा करून आईने फीत पुन्हा बांधली. ती आता मऊ पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले ते वेगळेच. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण तळवा जमिनीला टेकवला. धप. मग दुसरा. धप. बैठकीतून स्वयंपाकघरात ते राजासारखे चालत गेले आणि वाटेत एक मोकळी, खणखणीत शिंक दिली.

खालून छतावर झाडूच्या दांड्याची टकटक झाली, आणि तो जाड आवाज जिन्यातून वर आला, पण आज जरा घाबरलेला.

‘अहो! वर कोण नवीन माणसं आलीयत का?’

बाबा दाराच्या चौकटीत थबकले. त्यांनी टिटवीकडे पाहिलं, टिटवीने त्यांच्याकडे. मग अगदी सावकाश बाबांच्या टाचा जमिनीवरून वर उचलल्या गेल्या.

‘हळू,’ टिटवी म्हणाली.